लाव्ह्याखालचा पत्ता

हेमाएय, वेस्टमन बेटं
१९ जुलै १९७३

इल्लुगी,

तुला पाठवलेलं पत्र फिरून माझ्याच हातात आलं. वर शिक्का, ‘पत्ता अपुरा’. काय अपुरं होतं रे त्यात? ‘इल्लुगी, नाउस्टचा’ असं लिहिलं होतं आणि खाली तुझ्या त्या नव्या गावाचं नाव. आपल्या बेटांवर याहून जास्त कुणी कधी लिहिलंय? मांगी पोस्टमन नुसतं ‘नाउस्ट’ वाचायचा आणि डोळे मिटून दारात हजर व्हायचा, वर आईच्या हातची कॉफी ढोसून जायचा.

मग योरूनला फोन लावला. तुझी बायको म्हणून सांगत नाही, पण तिच्याशी दोन शब्द बोलले की जीव थंड होतो, तुझ्याशी बोलून कधी झाला नाही. ती म्हणाली, “वन्सं, इथे घरांना नावं नसतात, नंबर असतात. नॉर्वेहून आलेली लाकडी घरं आहेत, सगळी एकसारखी. आमचं एकेचाळीस.” मी म्हटलं, “अगं बाई, मग रात्री घरी येताना कळतं कसं कोणतं आपलं?” ती म्हणाली, “हे दोनदा शेजाऱ्यांकडे शिरले.” मी इतकी हसले की स्वयंपाकघरातली माणसं बघायला लागली. तर हा घे, लिहिलाय एकेचाळीस. कैद्यासारखा.

हो, मी परत आलेय. तुला न सांगता आले, कारण सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मी तरीही आलेच असते. राख उपसणाऱ्या मंडळींसाठी रांधायला बाई हवी होती. जानेवारीत फुटलेला डोंगर थांबला, असं त्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलंय. त्याला नाव काय द्यायचं यावर अजून त्यांची भांडणं चालू आहेत. आमच्याकडे त्याला नुसतं ‘तो’ म्हणतात. शेजारचा म्हातारा डोंगर हेल्गाफेल हजारो वर्षं निजलाय तसाच निजलाय. इतका दंगा झाला तरी त्याची कूस बदललेली नाही.

माझ्या घराचं, ब्रेक्काचं, फक्त धुराडं वर दिसत होतं. गडी आत्ता दारापर्यंत पोहोचलेत. काळी खडी फावड्याने काढायची, गाडीत भरायची, पुन्हा काढायची. पश्चिमेचं दार उघडलं तर आत सगळं जिथल्या तिथे. टेबलावर आम्ही पळालो त्या रात्रीचा कप. त्यात राख. पूर्वेचं दार मात्र उघडत नाही. तू लावून दिलेलं ते, स्वयंपाकघरातून नाउस्टचं धुराडं दिसावं म्हणून माझ्यासाठी भिंत फोडून लावलेलं. फुगून बसलंय. मीही जोर लावलेला नाही. पलीकडे आता काय दिसणार ते मला ठाऊक आहे.

नाउस्टबद्दल मी काही विचारत नाही. मार्चमध्ये लाव्हा अंगणात आला तेव्हा शेवटचा तूच तिथून निघालास. रिकाम्या हातांनी तुझ्या बोटीवर, लोआवर चढलास आणि तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस. आपल्या दोघांचा जन्म झाला ते घर होतं ते. मलाही दुखतं रे. पण मी बोलते, ओरडते, पातेली आपटते. तू काय करतोस तिथे?

लोआला घेऊन ये. धक्का शाबूत आहे, लाव्ह्यावर समुद्राचं पाणी मारून मारून वाचवलाय. लाव्हा पुढे आल्यामुळे बंदराचं तोंड अरुंद झालंय आणि आत पाणी पूर्वीपेक्षा शांत. तुझ्यासारख्या आळशी नाखव्याला बरंच आहे.

तुझी बहीण,
ओद्नी, ब्रेक्काची

*

हेमाएय
२६ ऑगस्ट

इल्लुगी,

तुझं कार्ड मिळालं. केवढी मेहनत घेतलीस! ‘नाउस्ट नाही. म्हणजे नाउस्टचा इल्लुगीही नाही. पुन्हा तसं लिहू नकोस. लोआ नाताळाआधी विकतोय, गिऱ्हाईक बघितलंय. मला इथल्या कारखान्यात काम आहे. तुझं घर उभं आहे, तुला बोलायला काय जातं?’ आणि खाली सही, ‘इल्लुगी, घर क्र. ४१’.

वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कार्ड मांगीच्या हातात दिलं, म्हटलं वाच, तूही वाच. त्याने चष्मा लावून वाचलं, आणि म्हणाला, “ओद्नी, हा माणूस रागावलेला नाहीये गं. हा घाबरलाय.” मी म्हटलं, “माझा भाऊ? तो कशाला घाबरेल? हिवाळ्यातल्या वादळात सुरीसारख्या कड्याशेजारून बोट काढतो तो.” मांगी म्हणाला, “बोट चालवायला घर लागत नाही. घरी यायला लागतं.” त्याचं हे असलं बोलणं मला आवडत नाही, पण सांगून ठेवते.

मला बोलायला काय जातं, हे तू बरोबर विचारलंस. काही जात नाही. माझं छप्पर आहे. माझ्या खिडक्यांना काचा आहेत. सकाळी उठून मी माझ्याच चुलीवर कॉफी ठेवते आणि पहिला घोट घेताना मला लाज वाटते, ही गोष्ट मी कुणाला बोललेले नाही. तुझ्या जागी असते तर मीही कुणाची पत्रं फोडली नसती. तेवढं मला कळतं, आणि कळतं म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस.

त्या जानेवारीच्या रात्री तूच धक्क्यावर उभा राहून ओरडत होतास, “आधी म्हातारी माणसं! पोरं मधे! तुम्ही सामान ठेवा, माणसं चढा!” आदल्या दिवशी वादळ म्हणून सगळ्या बोटी बंदरात होत्या, नाहीतर आपण सगळे काय पोहत गेलो असतो? लोआवर इतकी माणसं होती की माझी सासूबाई मासळीच्या हौदावर बसून गेली. अजून सांगते, “इल्लुगीने मला कॉड माशासारखी नेली, पण नेली हो.” ती बोट तू विकणार? कुणाला? तिच्या पाटावर कोण बसलं होतं हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसाला?

इथे पफिन पक्ष्यांची पिल्लं उतरायला लागलीयत. दरवर्षी गावातले दिवे बघून फसतात आणि रस्त्यावर पडतात, पोरं खोक्यात भरून घरी नेतात. यंदा पोरं नाहीत आणि दिवेही मोजकेच. तर आमच्या भटारखान्याच्या दिव्याखाली येऊन पडतात आणि दाढीवाले राक्षसासारखे गडी त्यांच्यामागे चार पायांवर धावतात! काल मी तीन पिल्लं सकाळी कड्यावर नेली आणि समुद्रावर फेकली. उडाली. आई म्हणायची, ही मोठी झाली की जिथून निघाली त्याच बिळात परत येतात. मी विचार करत होते, ज्यांची बिळं राखेखाली गेली ती काय करतील? मांगी म्हणाला, “शेजारी नवीन खणतील. पफिन आहे तो, तुझा भाऊ नव्हे.”

मी रागावले नाही. हसलेच.

ओद्नी, ब्रेक्काची

*

हेमाएय
७ ऑक्टोबर

इल्लुगी,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. मी लिहितेच आहे, तुला वाचायचं नसेल तर योरूनला वाचून दाखवायला सांग आणि तू पेपर वाचण्याचं सोंग कर. बाबा तसंच करायचे.

कबरस्तान साफ झालं. आधी नुसती कमान वर होती, आता दगड दिसायला लागलेत. आईचा दगड मी स्वतः धुतला. नखात काळी खडी अडकलीय, अजून निघत नाही. दगडावर काय लिहिलंय आठवतं? बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. ‘राग्ना, नाउस्टची’. तूच तसं कोरून घेतलं होतंस. पाद्री म्हणाला होता, पूर्ण नाव लिहा. तू म्हणालास, “हेच पूर्ण आहे.” आता या बाईला जाऊन कोण सांगणार की तू कुठलीच नाहीस?

दुसरी गोष्ट. मी वर गेले होते, लाव्ह्यावर, नाउस्टच्या वर. मांगीला बरोबर घेतलं. तो म्हणाला, त्या वाटेने इतकी वर्षं चाललोय, बरोबर जागेवर उभी करतो. डोंबलाचं बरोबर! तो म्हणतो इथे, मी म्हणते तिथे. तो म्हणाला, “इथे वळलं की तुमचा कुत्रा अंगावर यायचा.” मी म्हटलं, “कुत्रा तुझ्या अंगावर पार चर्चपर्यंत यायचा, त्याचं काय सांगतोस!” शेवटी दोघंही दमलो आणि मधल्या जागी बसलो. खाली दहा घरं एकावर एक मावतील इतका लाव्हा आहे. वर बसलं की बुडाला ऊब लागते. एका भेगेतून वाफ येत होती. समोर एलिदाएय आणि ब्यार्नाएय ही दोन्ही बेटं तशीच, वर मेंढ्या तशाच, नाउस्टच्या खिडकीतून दिसायची तितकीच दूर. ते पाहून मी रडले. मांगीने दुसरीकडे तोंड केलं. बराच वेळ तो दुसरीकडे बघत होता, म्हणजे तोही रडत असणार.

मग मी दुसऱ्या दिवशी राय धान्याचं पीठ मळलं, आईच्या पद्धतीने, काकवी जरा जास्त घालून. डब्यात घातलं, झाकण घट्ट लावलं आणि नेऊन त्या भेगेत पुरून आले. सगळेच करतात आता इथे, लाव्ह्यावर भाजलेली भाकरी म्हणजे फॅशन झालीय. पण मी मुद्दाम त्याच जागी पुरला. एक रात्र गेल्यावर काढली. तांबूस, ओलसर, मधोमध थोडी चिकट, अगदी आईची.

यातला अर्धा डबा तुला पाठवतेय. नाउस्टच्या चुलीवरची आहे असं समज. चूल जरा मोठी झालीय इतकंच.

ओद्नी, ब्रेक्काची

*

हेमाएय
१८ नोव्हेंबर

इल्लुगी,

योरूनशी बोलले. लपवून ठेवत नाही, तिने सगळं सांगितलं. तू भाकरी मोरीपाशी उभ्या उभ्या खाल्लीस, लोणी न लावता, कुणालाही एक तुकडा न देता. मग कोट घालून बाहेर गेलास आणि जेवायला आला नाहीस. योरून म्हणाली, “वन्सं, पुन्हा पाठवू नका, मला भीती वाटते.” मी म्हटलं, “मी पुन्हा पाठवणार आहे.”

सालवोरचंही सांगितलं. बाईंनी वर्गात विचारलं, कोण कुठली? तुझ्या लेकीने उठून सांगितलं, ‘सालवोर, नाउस्टची’. सगळी मुलं हसली. घरी आल्यावर तू काय म्हणालास, इल्लुगी? “एकेचाळीस सांगत जा.” नऊ वर्षांच्या पोरीला. ती रात्रभर पांघरुणात रडली. तुझ्यावर मी पुष्कळ रागावते पण सगळा खोटा राग असतो. हा खरा आहे.

आणि गिऱ्हाईक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोआ बघायला येतोय, हेही कळलं.

तुला ग्रोआची गोष्ट आठवते? साडेतीनशे वर्षांपूर्वी समुद्री चाचे आले, शेकडो माणसं पकडून पार आफ्रिकेत नेऊन विकली, हे तर शाळेत शिकवतात. पण आपली ग्रोआ फक्त आईला ठाऊक होती. दहा वर्षांनी कुणा राजाने पैसे भरून थोड्यांना सोडवलं, त्यात ग्रोआ. बेटावर उतरली तर घर जळून गेलेलं, माणसं मेलेली, तिला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. धक्क्यावर एका पोराने विचारलं, “बाई, तू कोण?” ती म्हणाली, “मी नाउस्टची.” पोरगा म्हणाला, “नाउस्ट तर नाही.” ती म्हणाली, “मी आहे ना?” आणि त्या रात्री ज्या घरात तिला जागा दिली, त्या घराच्या दारावर तिथल्या म्हातारीने कोळशाने लिहिलं, नाउस्ट. ग्रोआ घर बांधून होईपर्यंत तिथे राहिली.

तू म्हणायचास, आईने हे रचलंय. असेल. मीही तसंच समजत होते. पण काल पातेलं घासता घासता मला ते कोळशाचं आठवलं, आणि मी पातेलं तसंच टाकून, अजून तिकडेच राहिलेल्या सासूबाईंना फोन लावायला गेले.

त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर तू विश्वास ठेवणार नाहीस.

मी म्हटलं, “सासूबाई, मला ब्रेक्काची पाटी काढायची आहे.”

“का? गंजली?”

“नाही. तिथे दुसरी लावायचीय. नाउस्टची.”

फोनमध्ये नुसती घरघर ऐकू आली. मला वाटलं, गेली म्हातारी. मग म्हणाल्या, “माझा मुलगा ब्रेक्काचा होता.”

“मला ठाऊक आहे.”

“समुद्राने त्याचं काही परत दिलं नाही. बूटसुद्धा नाही. गावात कुणी त्याचा विषय काढला तर ‘ब्रेक्काचा ओगमुंदुर’ म्हणतात, म्हणून मला कळतं की तो होता. पाटी काढल्यावर काय म्हणतील?”

इल्लुगी, मी तुला खरं सांगते, त्याच क्षणी मी माघार घेणार होते. मलाही तेवढंच उरलंय त्याचं. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मांगीने मला पहिल्यांदा ‘ब्रेक्काची ओद्नी’ म्हटलं, तेव्हा आई डोळ्यांना एप्रन लावून बसली होती आणि मी मात्र आनंदाने दोनदा त्याच्याकडून म्हणवून घेतलं होतं. मांगी, अजून एकदा म्हण रे, म्हणून.

मग सासूबाईच म्हणाल्या, “तुझा भाऊ विकतोय ती बोट?”

“हो.”

“ज्या हौदावर मी बसले होते तो?”

“तो हौदसुद्धा.”

“मूर्ख आहे,” म्हातारी म्हणाली. “काढ पाटी. ओगमुंदुरला तुझा भाऊ आवडायचा. मला कधी कळलं नाही का ते.”

ओद्नी, ब्रेक्काची. हे शेवटचं असं लिहितेय.

*

हेमाएय
२ डिसेंबर

इल्लुगी,

लावली.

फळी मी भटारखान्याच्या तुटक्या फडताळातून घेतली. रंग बोटींना लावतात तो निळा. अक्षरं मीच काढली. ‘स्ट’ जरा आत गेलाय, जागा पुरली नाही. ब्रेक्काची पाटी उतरवायला गेले तर खिळे निघेनात, आणि मी शिडीवर उभी राहून त्याला हाक मारली, ओगमुंदुरला. म्हटलं, अरे, एवढं सोड आता, भावाला द्यायचंय. तेव्हा निघाले. तू हसशील. हस.

ती पाटी मी कुशीत घेऊन आत आणली आणि पूर्वेच्या दाराला टेकवून ठेवली. ते दार काही उघडत नाही, तिथे ती कुणाच्या पायात येणार नाही.

संध्याकाळी मांगी पत्रं घेऊन आला. पाटीखाली थांबला. वाचली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हातातल्या पाकिटाकडे. पाकिटावर ‘ओद्नी, ब्रेक्काची’ असं होतं.

“हे कुणाला द्यायचं?” तो म्हणाला.

“मला दे.”

“तू कोण?”

“मस्करी नको मांगी, हात गारठलेत माझे.”

“विचारावं लागतं,” तो म्हणाला. “मी पोस्टमन आहे. तू कोण?”

“मी नाउस्टची,” मी म्हटलं.

त्याने टोपी काढली. खरंच काढली, त्या वाऱ्यात. मग आत येऊन कॉफी प्यायला, आईच्या वेळी बसायचा तसा दाराशी स्टुलावर, भिंतीला पाठ लावून. जाताना म्हणाला, “चला, माझी वाट लहान झाली. आता लाव्हा चढायला नको.” मी विचारलं, “तू चढत होतास की काय?” तो टोपी घालून चालता झाला.

शेजारी येऊन बघून जातायत. एक म्हणाली, नवऱ्याचं नाव पुसलं. तिला मी दारातच सुनावलं, पण ती गेल्यावर जेवण गेलं नाही.

आता ऐक. मी तुला परत ये म्हणत नाही. पुरे झालं ते. मी फक्त इतकं सांगते की नाउस्ट आहे. आत तीन खोल्या, एक गळकं छप्पर, एक न उघडणारं दार आणि एक चिडकी बहीण. मोठी खोली योरूनची आणि तुझी, माळ्यावरची सालवोरची, तिथून बंदर दिसतं. मी स्वयंपाकघराशेजारी झोपते, मला चुलीची ऊब लागते. सालवोरला सांग, शाळेत कुणी विचारलं तर खुशाल सांग, आणि कुणी हसलं तर म्हणावं, येऊन बघा, पाटी आहे.

लोआ विकायची तर वीक. विकलीस तरी तू नाउस्टचाच राहशील. आता तुला त्यातून सुटका नाही.

ओद्नी
नाउस्टची

*

[एका साध्या पाकिटातून, पाकिटावर फक्त ‘ओद्नी, वेस्टमन बेटं’]

१३ डिसेंबर

ताई,

मला लिहायला जमत नाही. योरून म्हणते, बोलता तसं लिहा. मी बोलतही नाही.

गिऱ्हाईक आला होता. माणूस वाईट नव्हता. इंजिन बघितलं, जाळी बघितली, हौद बघितला. मग केबिनमध्ये उतरला आणि माझ्या बिछान्याखाली हात घातला. म्हणाला, हे लाकूड कसलं? मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, मग फेकून देऊ, इथे सामान मावेल. आणि त्याने ते बाहेर ओढलं.

ती नाउस्टची पाटी होती.

मार्चमध्ये अंगणात लाव्हा आला तेव्हा मी कपाट आणायला आत गेलो होतो. कपाट आणलं नाही. ही पहारीने उपटली. एक कोपरा तुटला. कोटाच्या आत घालून बोटीवर आलो, म्हणून सगळ्यांना हात रिकामे दिसले. कुणाला दाखवली नाही. दाखवली असती तर कुणीतरी विचारलं असतं, आता ही कशाला? मला उत्तर ठाऊक नव्हतं. दोनदा समुद्रात टाकायला डेकवर घेऊन गेलो. दोन्ही वेळा परत आणली.

त्या माणसाच्या हातातून मी ती काढून घेतली आणि त्याला बोटीवरून उतरवलं. कॉफीसुद्धा विचारली नाही. बिचारा अजून समजला नसेल काय झालं ते.

घरी आलो तर तुझं पत्र. सालवोरने मोठ्याने वाचलं. मी पेपर धरला होता. उलटा होता, असं ती म्हणते.

आता मी सांगतो ते कर, एरवी कधी करत नाहीस. तुझी ती निळी पाटी उतरव. ‘स्ट’ आत गेलेली पाटी मी दारावर लावून घेणार नाही. पश्चिमेच्या दारावर ब्रेक्काच लाव, होती तिथे, त्याच खिळ्यांनी. ओगमुंदुर आला तर त्याला घर सापडायला हवं. सासूबाईंना तसं कळव, आणि सांग, हौद धुऊन ठेवलाय, नाताळाला न्यायला येतो.

पूर्वेचं दार मी लावलं होतं. फुगलं तर लाकूड माझं ओलं असणार. तू जोर लावू नकोस, चौकट मोडशील. मी येऊन रंधा मारतो आणि उघडतो. लाव्हा दिसेल तर दिसू दे. खाली आपलंच आहे ते. जुनी पाटी त्या दाराला बसेल, मी माप आठवून बघितलं. तुटका कोपरा खालच्या बाजूला येईल.

एका घराला दोन नावं आपल्याकडे कधी कुणी दिली नव्हती. मांगी गोंधळेल. गोंधळू दे.

वारा उत्तरेला वळला की निघतो. योरून भांडी बांधतेय. दोरी घ्यायला धक्क्यावर ये, आणि वेळेवर ये.

इल्लुगी
नाउस्टचा